टब काढाच, पण आधी त्याच्या खाली बघा

पत्र थोडक्यात असं:

"आमचं घर इंदूरच्या सुदामा नगरला, १९९६ साली बांधलेलं, दुमजली. तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये तेव्हा हौसेनं टब बसवला. मुलं लहान होती तोवर वापरला, नंतर नाही. आता त्यात नर्मदेचं पाणी भरून ठेवतो आणि वर फळी टाकून बादल्या. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना जिना चढवत नाही. टब आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या आंघोळ करतात. मागच्या महिन्यात उठताना पाय घसरला, नळ धरला म्हणून वाचल्या. मला टब काढून तिथे काचेचा शॉवर करायचा आहे. हे म्हणतात, फोडाफोड केली की घराला ओल लागते, टबालाच पायरी बांधू. मुलगा बंगळूरहून सांगतो, टबाची एक बाजू कापून घ्या, एका दिवसाचं काम. ठेकेदार म्हणतो, चार दिवसांत सगळं नवं करून देतो, तळमजला आहे, वॉटरप्रूफिंग लागत नाही. सासूबाईंचं म्हणणं, पितृपक्षात कशाला हात लावू नका, आणि माझ्यासाठी तर मुळीच खर्च नको. मागे कपडे धुवायची मोरी आहे, काम चालू असताना तिथे भागवता येईल. दिवाळीआधी होईल का?"

ताई,

तुमच्या घरात या टबाबद्दल पाच मतं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात चुकीचं मत नेमकं त्याचं आहे ज्याचा हा रोजचा धंदा. म्हणून सुरुवात ठेकेदारापासून करतो.

"ग्राउंड फ्लोर है साब, पानी जाएगा कां?" हे वाक्य इंदुरात घरं बांधणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. वरच्या मजल्यावरची गळती खालच्या छताला दिसते, त्यावरून भांडणं होतात, म्हणून तिथे सगळे जपून काम करतात. तळमजल्याची गळती कोणाच्या डोक्यावर पडत नाही. ती जोत्याच्या भरावात मुरते, आणि आपल्या भागात त्या भरावाच्या खाली बहुतेक ठिकाणी माळव्याची काळी माती आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. सबंध घराखाली ती एकसारखी फुगली-आकसली तर घर ते बरंच सहन करतं. पण एका कोपऱ्याला बारा महिने बाथरूमचं पाणी मिळत राहिलं, तर तो कोपरा बाकीच्या घरापेक्षा वेगळा वागू लागतो. फरशी पोकळ वाजते. भिंतीत तिरकी भेग येते. बाथरूमला लागून जी खोली असते तिच्या भिंतीवर जमिनीपासून फूट-दोन फूट उंचीपर्यंत रंगाचे पोपडे निघतात, पांढरे क्षार फुटतात, आणि लोक दर दिवाळीला त्या भिंतीला नवा रंग देत बसतात. तर वॉटरप्रूफिंग लागतं. तळमजल्यालाही लागतं.

यावरून तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही हे लक्षात येईल. फोडाफोडीनंतर घराला ओल लागते ती फोडल्यामुळे नव्हे, फोडल्यावर घाईनं झाकल्यामुळे. पण त्यांनी सुचवलेली पायरी मात्र डोक्यातून काढून टाका. टबाची कड जमिनीपासून सव्वा ते दीड फूट उंच असते. पायरी केली तरी ओल्या पायानं ती कड ओलांडायची, पलीकडे गुळगुळीत आणि कडेला गोलाई असलेल्या तळावर पाय टेकायचा, आणि आंघोळ झाल्यावर हाच प्रकार उलटा करायचा. आत्ता सासूबाई निदान सपाट जमिनीवर घसरल्या.

मुलाची सूचना त्या मानानं विचार करण्यासारखी आहे. टबाच्या लांब बाजूचा साधारण दोन फुटांचा भाग कापून खाली आणतात, कापलेल्या कडेवर टोपी बसवून चिकटवतात, आणि झालं. अमेरिकेत हे पुष्कळ करतात, कारण तिथे टब काढणं महाग पडतं. अ‍ॅक्रिलिकच्या किंवा फायबरच्या टबाला ते जमतं. पण कापल्यावरही चार-सहा इंचांची कड उरतेच, तळ तोच गुळगुळीत राहतो, आणि तीस वर्षांपूर्वीच्या तुमच्या टबाला मापात बसणारी तयार टोपी मिळणं कठीण. मिस्त्री फायबर-रेझिन लावून जुळवून देईल, ते वर्षभरात सुटेल. भाड्याचं घर असतं किंवा दोन वर्षांत विकायचं असतं तर मी मुलाच्या बाजूनं बोललो असतो. तुमचं स्वतःचं घर आहे, काढाच.

मात्र कोणाला बोलावण्याआधी टबाच्या खाली काय आहे ते बघा. सगळ्या कामाचा खर्च, वेळ आणि यश तिथे ठरतं, टाइल्सच्या शोरूममध्ये नाही.

पहिल्यांदा तो टब रिकामा करा. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंप होत, घाट चढून आलेलं नर्मदेचं पाणी आपण टबात उघडं साठवायचं आणि त्यात डेंग्यूचे डास वाढवायचे, हे काही बरं नाही. फळीनं टब बंद होत नाही, फक्त झाकल्यासारखा दिसतो. एक दिवसाआड पाणी येतं म्हणून साठा लागतो हे मान्य. टबात दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावतं. घट्ट झाकणाचा दोनशे लिटरचा एक पिंप मागच्या मोरीजवळ ठेवला की टबाचं ते काम संपलं.

आता एक चुंबक घ्या, फ्रिजवर लावतात तो चालेल. टबाला चिकटला तर टब लोखंडी आहे. पत्र्याचा असेल तर ठोकल्यावर पत्र्यासारखा वाजतो, बिडाचा असेल तर जड आणि भरीव वाजतो. बिडाचा टब शंभर किलोच्या वर जातो, त्याला चार माणसं लागतात, आणि दारातून सबंध निघेल की नाही ते आधी मोजावं लागतं. चुंबक चिकटला नाही तर अ‍ॅक्रिलिक किंवा फायबर, तो दोन माणसं उचलतात. १९९६ च्या सुमाराच्या घरांमध्ये दोन्ही सापडतात.

टबाच्या पुढच्या बाजूला विटांची भिंत बांधून तिच्यावर टाइल लावलेली असेल. तिच्यात खाली कुठेतरी छोटी जाळी किंवा सुटी टाइल असायला हवी. ती काढा, मोबाइलचा दिवा लावून हात आत घाला आणि व्हिडिओ काढा. अशी जागाच ठेवली नसेल, आणि बऱ्याचदा ठेवलेली नसते, तर पितृपक्ष संपल्यावर मिस्त्रीकडून निचऱ्याच्या बाजूची एक टाइल आणि एक वीट काढून घ्या.

व्हिडिओत काय बघायचं? टबाचं पाणी कुठे जातं ते. पुष्कळ घरांत टबाचा निचऱ्याचा पाइप कशालाच जोडलेला नसतो, तो टबाखालच्या नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) तोंडावर नुसता सोडून दिलेला असतो. पाणी थोडंफार ट्रॅपमध्ये जातं, उरलेलं आजूबाजूला. अशा ठिकाणी जमीन काळी पडलेली, ओलसर आणि झुरळांनी भरलेली दिसते. उलट टबातून वर्षानुवर्षं पाणी सोडलंच नसेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकून जातं. त्या दोन इंच पाण्यानंच गटाराची हवा अडवलेली असते, आणि ते गेलं की बाथरूममध्ये कितीही फिनाइल ओता, वास येतच राहतो. तुम्ही पत्रात वासाचं काही लिहिलं नाही, पण असेल तर कारण बहुधा हे.

दुसरं, टबाच्या मागची भिंत. टाइल टबाच्या कडेपासून वर सुरू होते. कडेखाली बहुतेक वेळा उघड्या विटा असतात, गिलावाही नसतो. म्हणजे टब निघाला की दीड फुटाची एक पट्टी नागडी राहणार, आणि जुन्या टाइलशी जुळणारी टाइल १९९६ नंतर आता मिळणार नाही. त्यामुळे "फक्त टबाची जागा नवी करू, बाकी भिंत राहू दे" हा बेत सहसा टिकत नाही. त्या तीन बाजू छताच्या खालपर्यंत, निदान सात फुटांपर्यंत, नव्या करायच्या हे धरूनच चाला.

टब निघत असताना तिथे तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी उभं राहायचं, एका गोष्टीसाठी. निचऱ्याचा पाइप सुटा केला की त्याच क्षणी त्याच्या तोंडात जुनं कापड कोंबून वर प्लास्टिकची पिशवी बांधायची. नाहीतर विटांचे तुकडे, सिमेंट आणि टाइलच्या कपच्या त्यात पडतात, आणि पाणी तुंबतंय हे सगळं नवं झाल्यावर कळतं.

जुना पाइप आणि जुना ट्रॅप ठेवू नका. टबाचा निचरा दीड इंची पाइपवर भागतो, कारण टब सावकाश रिकामा झाला तरी कोणाचं काही अडत नाही. शॉवरखाली पाणी साचायला लागलं तर पाय साबणाच्या पाण्यात राहतात. नवा खोल नहाणी ट्रॅप घ्या, त्यात दोन इंच पाणी उभं राहणारा, आणि त्यापुढचा पाइप तीन इंची. हे काम जमिनीच्या आत जातं, दिसत नाही, म्हणून ठेकेदार ते टाळतो. एस्टिमेटमध्ये "नवा ट्रॅप, तीन इंची पाइप चेंबरपर्यंत" असं स्पष्ट लिहून घ्या.

भिंत उघडीच आहे तर पाण्याचे पाइपही बदला. त्या काळचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असणार. नर्मदेचं पाणी कमी पडलं की आपण बोअरिंगचं वापरतो, ते जड. त्याचे क्षार आतून बसून अर्ध्या इंची पाइपात पेन्सिलीएवढी वाट उरलेली असते. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे पाइप टाका. आणि गिलावा होण्याआधी भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे हँडल बसवताना ड्रिल पाइपात जाऊ नये म्हणून या फोटोंची गरज पडते.

आता उतार. टबाची जागा साधारण पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद असते. ती बाकीच्या बाथरूमपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली, आणि ट्रॅपकडे मीटरला दीड-दोन सेंटिमीटर ढाळ. एवढ्यानं पाणी आपल्या जागी राहतं. मिस्त्री मात्र शॉवरच्या कडेला ग्रॅनाइटची तीन-चार इंचांची पट्टी उभी करायचा आग्रह धरेल, कारण पट्टी केली की उतारात झालेली चूक लपते. तिला ठाम नकार द्या. ८१ वर्षांच्या बाईंच्या पायात घालायला ती पट्टी म्हणजे टबाचाच धाकटा भाऊ. टाइल लावताना पाणसळ तर लावायला सांगाच, शिवाय चार टाइल झाल्या की तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी कुठे थबकतंय ते मसाला ओला असतानाच दिसलं पाहिजे.

वॉटरप्रूफिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण "वो तो कर दिया साब" यावर विश्वास ठेवून लोक फसतात. आधी भिंतीचा गिलावा आणि जमिनीचा कोबा पूर्ण सुकू द्यायचा. जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन ठेवायचा नाही, सिमेंटचा गोलसर वाटा करायचा, कारण लेप काटकोनातच तडकतो. पाइप जिथून बाहेर येतात ती भोकं आणि ट्रॅपची कड वेगळी भरायची. मग पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात, पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. जमिनीवर सगळीकडे, बाकीच्या भिंतींवर फूटभर, आणि शॉवरच्या तिन्ही भिंतींवर निदान सहा फूट उंच. पाणी भिंतीवर उडणार आहे, जमिनीवर नुसतं वाहणार आहे. सगळं लक्ष जमिनीकडे देऊन भिंती लेपाविना सोडणं ही नेहमीची गफलत. लेप सुकायला पिशवीवर लिहिलेत तितके दिवस द्यायचे.

मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. वरच्या मजल्यावर ही चाचणी सोपी असते, खालचं छत बघितलं की झालं. तुमच्याकडे खाली छत नाही, म्हणून पाण्याची पातळी हाच पुरावा. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारा. शेजारी एका बादलीत पाणी भरून तिच्यातही रेघ मारा. दोन दिवसांनी दोन्हीकडे पाणी सारखंच खाली गेलं असेल तर ते हवेत उडालं. जमिनीवरचं जास्त उतरलं असेल तर ते मातीत गेलं, आणि टाइल लागायच्या आधी कळलं हे नशीब. पैशांचा मोठा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा असं सुरुवातीलाच ठरवा. ठेकेदाराचे चार दिवस इथेच संपतात हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तोडणं, मलबा, पाइप, कोबा, लेप, चाचणी, टाइल, ग्राउट, फिटिंग हे सगळं प्रामाणिकपणे केलं तर दोन आठवडे लागतात.

जमिनीची टाइल शोरूममध्ये डोळ्यांनी निवडू नका. "मॅट है, फिसलेगा नहीं" असं सांगतील. मॅट म्हणजे चमक नसलेली, एवढंच. घसरण रोखणाऱ्या टाइलला आर-१० किंवा आर-११ असा दर्जा छापलेला असतो. एक नमुना घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि तुमच्या स्वतःच्या अनवाणी टाचेनं घासून बघा. फूट बाय फूट किंवा त्याहून लहान घ्या: उतार नीट बसतो आणि सांधे जास्त असल्यानं पायाला पकड मिळते. रंग भिंतीपेक्षा वेगळा असू द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनाही पांढऱ्या भिंतीखाली पांढरी जमीन कुठे सुरू होते ते ओल्यात कळत नाही. चिकटवण्यासाठी टाइल अ‍ॅडेसिव्ह, पिशवीवर आयएस १५४७७ असलेलं, आणि ते टाइलच्या सबंध पाठीवर. चार कोपऱ्यांत चार गोळे लावून टाइल दाबून बसवायची पद्धत अजून चालते. मधल्या पोकळीत पाणी साठतं. सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरा, महाग आहे, पण आपल्या पाण्यात सिमेंटचं ग्राउट वर्षात काळं होतं.

आणि काच? नको. टफन्ड काच आठ-दहा मिलिमीटरची मजबूत असते, प्रश्न तो नाही. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे ठिपके तुम्हीच रोज पुसत बसाल, आणि सासूबाईंना कधी आधार द्यायची वेळ आली तर अडीच फुटांच्या काचेच्या पेटीत दोन माणसं मावत नाहीत. पडदा लावा.

शॉवरची निवड करायच्या आधी थोडं गणित करू. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर मीटर उंचीमागे ०.१ बार (बार हे दाबाचं एकक) दाब मिळतो. तुमचं घर दुमजली, शॉवर तळमजल्याला, म्हणजे टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापेक्षा साधारण पाच मीटर वर. दाब अर्धा बार. हँड शॉवरला हा चालतो, साध्या लहान शॉवरलाही चालतो. ताटाएवढा रेन शॉवर, जो शोरूममध्ये पंप लावून दाखवतात, त्याला एक बारच्या आसपास लागतो. तुमच्याकडे तो ठिबकेल. म्हणजे एक हँड शॉवर, दीड मीटर लांब नळीचा, उभ्या दांडीवर खाली-वर सरकणारा. तोच वर सरकवला की तुमच्यासाठी शॉवर, खाली आणला की बसून अंगावर घ्यायला.

पण बादलीचा नळ काढू नका. त्या आयुष्यभर बादली आणि तांब्यानं आंघोळ करत आल्या आहेत, ८१ व्या वर्षी शॉवरखाली उभ्या राहणार नाहीत. नळ असा हवा की बसल्या बसल्या हात पोचेल, आणि गरम-गारची चावी अशा जागी की पाणी अंगावर यायच्या आधी बाहेरूनच हात घालून ते बघता येईल. प्लंबर सवयीनं ती शॉवरच्या बरोबर खाली लावतो. त्याला आधी सांगा.

सासूबाईंना टब निघाल्यावर, टाइल लागायच्या आधी, त्या मोकळ्या जागेत खुर्चीवर बसवा. कोरड्यात, कपड्यांनिशी. त्या कोणत्या बाजूला वळून उठतात, कोणता हात टेकतात, कोणता गुडघा दुखतो हे त्यांनाच विचारा आणि तिथे भिंतीवर खडूनं खूण करा. हँडल त्या खुणेवर. सर्वसाधारण माप जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटर, पण त्यांचा हात जिथे आपोआप जातो ते माप खरं. एक आडवं, बसायच्या जागेजवळ, आणि एक उभं, आत शिरतानाच्या कोपऱ्यात. सव्वा ते दीड इंच जाडीचं, स्टीलचं, मुठीला जागा राहील इतकं भिंतीपासून सुटलेलं. भिंत साडेचार इंची विटांची असेल तर केमिकल अँकरनं किंवा आरपार बोल्टनं बसवायचं. गिलाव्यात घुसवलेल्या, स्क्रूसाठीच्या प्लास्टिक गिट्टीवर माणसाचं वजन टिकत नाही. रबरी चोषकानं चिकटवायची हँडलं मिळतात, ती घेऊ नका. टॉवेलची दांडी हे हँडल नव्हे. आणि नळ तर मुळीच नव्हे: मागच्या महिन्यात त्या नळानं साथ दिली, पण तीस वर्षांच्या गंजलेल्या आट्यांवरचा नळ पुढच्या वेळी हातात येईल, आणि पाठोपाठ पाण्याची धार.

स्टूल बदला. पाठ असलेली, पायांना रबरी टोप्या असलेली, दीड फूट म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची आंघोळीची खुर्ची मिळते. सिमेंटचा ओटा बांधू नका, पुढे चाकाची खुर्ची आत न्यायची झाली तर तो आडवा येईल.

किरकोळ पण राहून जाणाऱ्या गोष्टी: बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा आणि कडी बाहेरून उघडता येईल अशी, आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. गीझर गॅसचा असेल आणि बाथरूमच्या आत असेल तर या कामात तो बाहेर काढाच, बंद जागेत त्याचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. विजेचा असेल तर अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) लावून घ्या.

मलब्याचं आधी ठरवा. कचऱ्याची पिवळी गाडी तो घेत नाही, आणि घरासमोर ढीग दिसला तर आपल्या गावात दंडाची पावती यायला वेळ लागत नाही. नगर निगमकडे ३११ अ‍ॅपवरून मलबा उचलायला सांगता येतो. नाहीतर वाहतूक ठेकेदाराच्या अंदाजात लिहून घ्या. टब चांगला निघाला तर मोडीत घालायच्या आधी सांवेर-देपालपूरकडे शेत असलेल्या कोणाला विचारा. गोठ्यात गुरांच्या पाण्याला तो आनंदानं नेतात.

राहिला खर्चाचा आणि मुहूर्ताचा प्रश्न. सासूबाई "माझ्यासाठी नको" म्हणतात, तर त्यांना सांगा की त्यांच्यासाठी नाहीच. तुमची मुलं टबात खेळत होती ती आता नोकऱ्या करतात. तुम्ही दोघंही साठीच्या आसपास असणार. हे बाथरूम पुढची वीस-पंचवीस वर्षं तुम्हालाच वापरायचं आहे आणि वरच्या मजल्याचा जिना तुमच्याही गुडघ्यांना ओळखतो. त्यांनी फक्त खुर्चीची जागा ठरवून द्यायची.

पितृपक्षात तोडू नका, त्यांचं मन राखा. तेवढ्यात टब रिकामा करणं, चुंबक, व्हिडिओ, मापं आणि दोन-तीन ठेकेदारांकडून लेखी अंदाज घेणं होतं; याला कोणाचे पितर रागावत नाहीत. नवरात्रात घट बसलेले असताना घरात सिमेंटची धूळ तुम्हालाच नको असेल. दसऱ्याला सुरू करा, साडेतीन मुहूर्तांतला तो एक पूर्ण मुहूर्त आहे, सासूबाईंना बोलायला जागा नाही. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत सोळा-सतरा दिवस मिळतात. काम दोन आठवड्यांचं, म्हणजे दोन-तीन दिवसच हाताशी, आणि मिस्त्री-मजूर धनत्रयोदशीच्या आधी गावी निघतात. म्हणून दसऱ्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी टब निघणार असेल तरच हो म्हणा. ठेकेदारानं "दो-चार दिन आगे-पीछे" केलं तर सरळ तुळशीच्या लग्नानंतरचं ठरवा. अर्धवट उघडं बाथरूम घेऊन दिवाळी काढण्यापेक्षा जुनं बरं.

तोपर्यंत आत्ता जिथे त्या बसतात तिथल्या भिंतीवर एक हँडल या आठवड्यातच लावून घ्या, पुढे तेच काढून नव्या जागी बसवता येईल. मागच्या मोरीतही एक लावा, काम चालू असताना त्यांना तिथेच आंघोळ करायची आहे. त्यासाठी भिंतीला चार भोकं पाडावी लागतील, आणि ती पितृपक्षात पाडायची परवानगी त्यांच्याकडून काढणं तुमच्या यजमानांकडे सोपवा. मुलाला आई नाही म्हणत नाही.